तोतरे बोलणाऱ्या मुलासाठी स्पीच थेरपी: कधी जावे, कोणाकडे जावे आणि घरी काय करावे

तोतरेपणाची सुरुवात बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते, म्हणजे मूल सुटे शब्द सोडून वाक्ये जुळवू लागते नेमके त्याच काळात. ती नेहमी हळूहळू होते असेही नाही. कालपर्यंत घडाघडा बोलणारे मूल आज प्रत्येक वाक्याच्या तोंडाशीच अडते, असे पुष्कळदा घडते आणि घरातली मोठी माणसे हादरतात. साधारण २० पैकी एका मुलाच्या वाट्याला लहानपणी असा काळ येतो आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे बोलणे पुढे सुरळीत होते; मोठेपणीही तोतरेपणा राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. या आकड्यांच्या जोरावरच पालकांना दोन टोकांचे सल्ले ऐकावे लागतात. 'आपोआप जाईल, लक्षच देऊ नका' असे एक जण सांगतो, तर 'आत्ताच सवय मोडा, नाहीतर जन्मभर राहील' असे दुसरा. पहिल्या सल्ल्यात निम्मे तथ्य आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच, कारण तोतरेपणा ही सवय नव्हे. उपचार शोधायला निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: लहान मुलाची स्पीच थेरपी ही बऱ्याच अंशी मोठ्यांची शिकवणी असते. आठवड्यातून एक तास मुलाला कोणाकडे तरी सोडून यायचे आणि बोलणे दुरुस्त करून परत आणायचे, अशी ती व्यवस्था नाही.

तोतरेपणा नेमका कशाला म्हणावे

बोलायला शिकताना सगळीच मुले अडखळतात. अख्खा शब्द दोनदा म्हणणे, 'अं' करत थांबणे, वाक्य अर्ध्यावर सोडून नवे धरणे हा वाढीचा भाग असतो आणि मुलाला त्याचा काही त्रासही होत नसतो. तोतरेपणात अडथळा शब्दाच्या आत असतो. कधी पहिले अक्षर तुटून पुन्हा पुन्हा येते ('ब-ब-ब-बाबा'), कधी ध्वनी ताणला जातो ('सऽऽऽसायकल'), तर कधी तोंड शब्दासाठी तयार होते पण काही क्षण आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार ऐकू येत नसल्यामुळे घरच्यांच्या सर्वांत उशिरा लक्षात येतो. ओठ घट्ट मिटलेले, गळा ताणलेला आणि नजर दुसरीकडे वळलेली दिसली, तर मूल उत्तर आठवत नसून शब्दाशी झटत आहे असे समजावे. पुढे पुढे शब्द बाहेर काढण्यासाठी डोळे मिचकावणे, मान झटकणे, पाय आपटणे अशा हालचाली त्याला चिकटतात. काही मुले नको असलेला शब्द टाळून दुसराच वापरतात किंवा 'जाऊ दे' म्हणून गप्प होतात. अशा मुलाचे बोलणे वरवर ठीक वाटते, त्रास मात्र मोठा असतो.

'र'ला 'ल' म्हणणे, म्हणजे बोबडे बोलणे, हा वेगळा प्रकार आहे आणि अतिघाईत बोलल्यामुळे शब्द एकमेकांत मिसळणे हा आणखी वेगळा. तज्ज्ञ त्यांसाठीही तोच असतो, पण उपचार बदलतात. आणखी एक गोष्ट पालकांना गोंधळात टाकते. गाताना, कुजबुजताना, इतरांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा बाहुलीशी बोलताना हेच मूल अडखळत नाही, त्यामुळे 'म्हणजे मुद्दाम करतोय' असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. परिस्थितीनुसार कमीजास्त होणे हा तोतरेपणाचा स्वभावच आहे. आठवडाभर जवळपास नाहीसा होऊन तो पुन्हा जोरात येऊ शकतो.

थांबायचे असेल तर नोंद ठेवत थांबावे

बहुतेक मुले सुरळीत बोलू लागतात हे खरे असले, तरी आपले मूल त्या बहुतेकांत असेल का, हे पहिल्या महिन्यात कोणालाच सांगता येत नाही. काही खुणांवरून अंदाज मात्र बांधता येतो. घरात मोठेपणीही तोतरेपणा टिकलेली व्यक्ती असेल, मूल मुलगा असेल, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, सुरू होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल आणि त्यात उतार दिसत नसेल, किंवा उच्चार व भाषेच्या इतरही अडचणी असतील, तर तोतरेपणा टिकण्याची शक्यता वाढते. (सुरुवातीच्या वयात मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट असते आणि मोठेपणी ते सुमारे चौपट होते, मुली अधिक संख्येने बऱ्या होतात, एवढाच याचा अर्थ.) अशी एखादी खूण असेल, किंवा खूण नसूनही मूल 'मला बोलता येत नाही' असे म्हणू लागले असेल, चिडत असेल, बोलणे टाळत असेल, तर मुळीच न थांबता तज्ज्ञाची वेळ घ्यावी.

बाकीच्यांनी काही महिने थांबायला हरकत नाही, परंतु थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. रोज रात्री त्या दिवसाच्या बोलण्याला ० ते ९ मधला एक आकडा द्यावा. ० म्हणजे अडखळणे अजिबात नाही आणि ९ म्हणजे कल्पना करता येईल तितके तीव्र. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत तो आकडा लिहिला की पुरे. दोन-तीन महिन्यांनी आलेख खाली चालला आहे, तसाच आहे की वर चढतो आहे, हे कोणाच्याही आठवणीपेक्षा तो कागद अधिक खरे सांगतो, आणि पुढे तज्ज्ञाला सर्वांत उपयोगी पडणारी माहितीही तीच असते. माझे मत विचाराल, तर नोंद सुरू करतानाच तपासणीची वेळही मागून ठेवावी, कारण चांगल्या तज्ज्ञाकडे बऱ्याचदा रांग असते. दरम्यान मूल बरे झाले तर वेळ रद्द करता येते.

एक अपवाद आहे. डोक्याला मार लागल्यानंतर, झटका आल्यानंतर, किंवा हातापायातील अशक्तपणा, चालण्यातील बदल, गिळण्याची अडचण अशा लक्षणांबरोबर बोलणे बिघडले असेल, तर तो स्पीच थेरपिस्टच्या रांगेत थांबण्याचा विषय नाही. मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

दोष कोणाचा, या प्रश्नात वेळ घालवू नये

पहिल्या भेटीला येणाऱ्या बहुतेक पालकांच्या मनात एक तरी अपराधाची भावना असते: आपण रागावलो म्हणून झाले, धाकटे भावंड आले म्हणून झाले, शेजारच्या मुलाची नक्कल करता करता लागले. यांपैकी कशानेही तोतरेपणा निर्माण होत नाही. बोलण्याच्या सूक्ष्म हालचालींची आखणी करणारी आणि त्यांची वेळ जुळवणारी मेंदूतील जाळी या मुलांत थोड्या वेगळ्या रीतीने काम करतात, आणि त्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. काही कुटुंबांत विशिष्ट जनुकांतील बदलांचा तोतरेपणाशी असलेला संबंध २०१० मध्ये संशोधकांनी दाखवूनही दिला. ताण, घाई, थकवा किंवा उत्साह यांनी असलेले अडखळणे वाढते. नसलेले ते निर्माण करत नाहीत. घरात दोन भाषा बोलल्या जाणे हेही कारण नाही, त्यामुळे 'एक भाषा बंद करा' असे कोणी सांगितले तर घाईने ऐकू नये. ज्या भाषेत आईवडील मोकळेपणाने बोलतात ती बंद केली तर मुलाचे नुकसानच होते.

'त्याच्यासमोर तो विषयच काढू नका' हा जुना सल्ला कुठून आला हेही जाणून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन, जे स्वतः तोतरे बोलत, यांनी असा सिद्धांत मांडला की, मुलाच्या साध्या अडखळण्याला पालक 'तोतरेपणा' म्हणू लागतात आणि त्यातूनच तो खरोखर जडतो. १९३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला आणि त्यांतील काही सुरळीत बोलणाऱ्या मुलांना 'तुमचे बोलणे सदोष आहे' असे वारंवार सांगितले. ती मुले तोतरी झाली नाहीत. मात्र काही जण बुजरी झाली, बोलायला कचरू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये त्या प्रयोगाबद्दल माफी मागितली. नाव उच्चारल्याने तोतरेपणा जडत नाही, पण सतत उणे काढल्याने मूल मिटते, एवढा बोध त्यातून घेता येतो. अडलेल्या मुलाला शांतपणे 'शब्द जरा अडकला ना? होते असे. मी ऐकतेय' असे म्हणण्यात काहीही वावगे नाही. घरात सगळेच त्या विषयावर मौन पाळत असतील, तर ही बोलण्यासारखी गोष्ट नाही, लाजेची आहे, असे मूल आपल्या मनाशी ठरवते.

तज्ज्ञ कसा निवडावा

मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन सुरुवात करावी आणि त्याच सुमारास कानांची तपासणीही करून घ्यावी, कारण ऐकण्यातील दोष बोलण्याच्या इतर अडचणींत भर घालतात. जिभेखालचा पडदा कापण्याची शस्त्रक्रिया तोतरेपणावर उपाय नाही. १८४१ मध्ये डीफेनबाख या जर्मन शल्यविशारदाने तोतरेपणा घालवण्यासाठी जिभेचा तुकडा कापण्याच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली, तरी जिभेलाच दोषी धरण्याची खोड अजून गेलेली नाही. तोंडात खडे ठेवून बोलण्याचा प्राचीन उपायही तसाच, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर तो खडा घशात अडकण्याचा धोका आहे. खास तोतरेपणासाठी मान्यता मिळालेले औषधही नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञाकडे त्या विषयातील पदवी आणि आपापल्या देशातील अधिकृत नोंदणी असलीच पाहिजे. ती विचारण्यात संकोच करू नये. मात्र पदवीने सगळे भागत नाही. वाचा-उपचाराचे क्षेत्र विस्तृत आहे आणि उशिरा बोलू लागणारी मुले, ऐकू न येणारी मुले, पक्षाघातानंतरचे रुग्ण हे सर्व एकाच तज्ज्ञाकडे येत असल्यामुळे उत्तम तज्ज्ञालाही तोतरेपणाचा अनुभव कमी असू शकतो. म्हणून वेळ घेतानाच फोनवर काही प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाच्या वयाची तोतरे बोलणारी मुले तुमच्याकडे नियमित येतात का? तुम्ही कोणती पद्धत वापरता, आणि ती याच वयासाठी आहे का? सत्रात आईवडिलांनी बसायचे असते का? सुधारणा होते आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'ते कळतेच हो' असे आले, तर दुसरीकडे चौकशी करावी.

काही ठिकाणांहून तर दारातूनच परतावे. पूर्ण बरे करण्याची हमी, ठरावीक दिवसांचा 'कोर्स', सगळी रक्कम आगाऊ, पालकांना बाहेर बसवून दार बंद करणे, केवळ श्वासाचे व्यायाम किंवा तालावर बोलायला लावणे ही लक्षणे चांगली नाहीत. तालावर बोलवले की जवळजवळ कोणीही त्या क्षणी सुरळीत बोलतो, त्यामुळे पहिल्या दिवशी चमत्कार झाल्यासारखा वाटतो; प्रश्न दोन महिन्यांनंतर घरातल्या भांडणाच्या वेळी काय होते, हा आहे. जवळपास योग्य तज्ज्ञ नसेल तर व्हिडिओ कॉलवरून उपचार घेणे हा दुय्यम दर्जाचा पर्याय मानण्याचे कारण नाही, विशेषतः ज्या पद्धतींत पालकांना शिकवले जाते त्यांत तो चांगला चालतो.

पहिल्या भेटीची तयारी

तज्ज्ञासमोर मूल नेमके सुरळीत बोलते, हा जवळजवळ नियमच आहे. म्हणून घरातील बोलण्याचे चार-पाच छोटे व्हिडिओ सोबत न्यावेत: एक खेळतानाचा, एक भावंडाशी बोलतानाचा, एक काहीतरी घडलेले उत्साहाने सांगतानाचा. चांगल्या आणि वाईट दोन्ही दिवसांचे असले तर उत्तम. मोबाइल तोंडासमोर धरून 'बोल बघू' म्हणू नये. तो बाजूला टेकवून ठेवावा. याशिवाय अडखळणे कधी सुरू झाले, घरात आणखी कोणाला होते का, ते गेले की राहिले, जन्मापासूनची वाढ, झालेले आजार आणि मुलाची स्वतःची प्रतिक्रिया हे एका कागदावर लिहून न्यावे. त्या 'कोणाला होते का'साठी काका-आत्या, मामा-मावशी यांनाही विचारावे लागते. हे कुटुंबात कोणी सहसा उघडपणे बोललेले नसते. मुलाला खरे तेच सांगावे: 'कधी कधी तुझे शब्द अडकतात ना, त्यासाठी मदत करणाऱ्या ताईंकडे आपण जाणार आहोत. तिथे खेळायचे आहे आणि बोलायचे आहे.'

तपासणीत तज्ज्ञ मुलाशी खेळत बोलतो, चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावतो आणि ते ध्वनिमुद्रित करून शंभर अक्षरांमागे किती अक्षरांवर अडथळा आला, तो कोणत्या प्रकारचा होता, सर्वांत लांब अडथळे किती वेळ टिकले हे मोजतो. उच्चार आणि भाषा यांचीही चाचणी होते. पालक आणि मूल एकत्र खेळत असताना तो काही मिनिटे नुसता पाहत बसला, तर ती वेळ काढण्याची युक्ती समजू नये. घरात बोलण्याचा वेग किती, प्रश्नांचा मारा किती, मुलाला मध्येच तोडले जाते का, हे त्याला तिथे दिसते. भेटीच्या अखेरीस निदान, शिफारस आणि त्यामागचे कारण लेखी मागावे.

सहा वर्षांखालील मुलांचे उपचार

या वयासाठी दोन वळणांच्या पद्धती प्रचलित आहेत. एक वळण बोलण्याच्या परिस्थितीवर काम करते. मुलाकडून असलेल्या अपेक्षा आणि त्याची त्या वेळची क्षमता यांत अंतर पडले की अडखळणे वाढते, असे गृहीत धरून पालकांना स्वतःचा वेग कमी करायला, प्रश्न कमी करायला, आळीपाळीने बोलण्याची शिस्त लावायला शिकवले जाते. लंडनमधील मायकेल पेलिन सेंटरमध्ये विकसित झालेली पालक-मूल संवादावर आधारित पद्धतही याच जातकुळीतली. तिच्यात पालक आठवड्यातून काही वेळा मुलाबरोबर पाच मिनिटे ठरवून खेळतात, त्यात खेळ मूल निवडते, आणि त्या खेळाचा व्हिडिओ तज्ज्ञाबरोबर पाहून स्वतःच्या कोणत्या वागण्याने मुलाला बोलणे सोपे गेले हे पालक शोधून काढतात.

दुसरे वळण थेट बोलण्यावर काम करते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम पद्धत हे त्याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. तिच्यात पालक रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव घेतात. तो जवळून कसा दिसतो, ते पाहू. आई आणि चार वर्षांची मुलगी चित्रांची पत्ती घेऊन जमिनीवर बसल्या आहेत. आई पत्ती उलटते आणि विचारते, 'हे काय आहे?' मुलगी म्हणते, 'लाल छत्री.' आई म्हणते, 'वा, किती सरळ बोललीस!' पुढच्या दोन पत्त्यांवर आई काही न बोलता नुसती हसते आणि खेळ पुढे नेते. मग 'ह-ह-हत्ती' येतो. आई तो सोडून देते. बऱ्याच सुरळीत शब्दांनंतर एखाद्या अडखळलेल्या शब्दावर ती हलक्या आवाजात म्हणते, 'हा जरा अडकला, पुन्हा म्हणून बघतेस?' आणि मुलीने नको म्हटले तर आग्रह धरत नाही. शब्द किती लांब मागायचे, हे आई त्या दिवसाच्या बोलण्यावरून ठरवते. दिवस वाईट असेल तर एकेका शब्दाचा खेळ, चांगला असेल तर गोष्ट. वर सांगितलेला ० ते ९ चा रोजचा आकडा या पद्धतीतूनच आला आहे. हे वाचून सोपे वाटते, पण कौतुकाचे प्रमाण थोडे चुकले किंवा दुरुस्ती जास्त झाली की मूल कंटाळते किंवा चिडते, म्हणून तज्ज्ञाने शिकवल्याशिवाय आणि दर आठवड्याला तपासल्याशिवाय ती घरच्या घरी सुरू करू नये.

यांतली चांगली कोणती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत १९९ मुलांची दोन गटांत विभागणी करून अपेक्षा-क्षमता पद्धत आणि लिडकोम यांची तुलना केली गेली. दीड वर्षानंतर दोन्ही गटांतील दहापैकी सातांहून अधिक मुले तोतरी राहिली नव्हती आणि दोन गटांतील फरक नगण्य होता. (या वयात आपोआप बरे होणाऱ्यांचे प्रमाणही मोठे असते, हे मात्र विसरू नये.) म्हणून पद्धतीच्या नावावर अडून बसण्यापेक्षा तज्ज्ञाला जी नीट येते आणि घराला जी रोज झेपते ती घ्यावी.

शाळकरी आणि किशोरवयीन मुले

सातव्या-आठव्या वर्षापर्यंत तोतरेपणा टिकला असेल, तर तो पूर्ण नाहीसा होण्याची शक्यता कमी होते, हे तज्ज्ञाने पालकांना आणि योग्य शब्दांत मुलालाही सांगितले पाहिजे. उपचार त्यामुळे निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचे उद्दिष्ट बदलते. शब्दाची सुरुवात हलक्या आवाजाने करणे, ध्वनी किंचित लांबवत बोलणे अशी सुरळीत बोलण्याची तंत्रे शिकवली जातात. दुसरीकडे अडखळण्याचा क्षणच सोपा करण्याचे तंत्र असते. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी वाचा-उपचारतज्ज्ञांनी, जे स्वतःही तोतरे बोलत, ते विकसित केले: शब्दात अडकल्यावर जोर लावण्याऐवजी ताण सैल करत त्यातून बाहेर पडणे, किंवा अडकून झाल्यावर क्षणभर थांबून तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणणे. माझ्या मते याहून महत्त्वाचा भाग भीतीचा आहे. दहा वर्षांच्या मुलाला सर्वांत अवघड शब्द बहुधा स्वतःचे नाव असते, कारण त्याऐवजी दुसरा शब्द वापरता येत नाही. चांगला तज्ज्ञ फोन करणे, अनोळखी माणसाला वेळ विचारणे, वर्गात हात वर करणे अशा पायऱ्या मुलाबरोबर मांडतो, कधी मुद्दाम अडखळायलाही लावतो, म्हणजे अडखळूनही जग कोसळत नाही हे त्याला कळते. तोतरे बोलणाऱ्या इतर मुलांची भेट घडवणारे गट मिळाले तर जरूर पाठवावे.

या वयात मुलाची संमती लागते. त्याला थेरपी नको असेल तर ओढत नेऊन उपयोग होत नाही. त्याला काय हवे आहे, नाटकात काम, मित्रांत विनोद सांगणे, चिडवणे थांबणे, हे विचारून तिथून सुरुवात करावी.

घरी आणि शाळेत

'हळू बोल', 'श्वास घे', 'आधी विचार कर, मग बोल' हे प्रेमापोटी दिलेले सल्ले बंद करावेत. मुलाला काय बोलायचे ते ठाऊक असते. सूचना ऐकून त्याला एवढेच कळते की आपण काय सांगतो याकडे कोणाचे लक्ष नाही. त्याचा शब्दही आपण पुरा करू नये. हळू बोलायचे ते मोठ्यांनी, आणि मुलाचे वाक्य संपल्यावर उत्तर देण्यापूर्वी मनात एक मोजण्याइतके थांबावे. एकामागून एक प्रश्न विचारण्यापेक्षा आपणच काही सांगावे. 'आज शाळेत काय काय केले?' यापेक्षा 'आज मला बसमध्ये एक गंमत दिसली' याने मूल जास्त बोलते. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावणे थांबवावे. शिस्त मात्र सैल करू नये. तोतरे बोलतो म्हणून हट्ट पुरवले, तर भावंडांना ते लगेच दिसते आणि त्यालाही. आजी-आजोबांना हे सर्व एकदा तज्ज्ञाच्या तोंडून ऐकवणे उत्तम, कारण आपल्या तोंडून ते टोमण्यासारखे ऐकू येते.

शाळेसाठी एक छोटे पत्र पुरते. त्यात मूल तोतरे बोलते, हा बुद्धीचा किंवा अभ्यासाचा प्रश्न नाही, त्याला उत्तर पुरे करायला वेळ द्यावा, वाक्य पूर्ण करून देऊ नये, असे लिहावे. तोंडी परीक्षेत वेळेचे बंधन सैल करता येईल का, हजेरीला ठरलेल्या शब्दाऐवजी हात वर केला तर चालेल का, मोठ्याने वाचन आधी जोडीने करता येईल का, हे शिक्षकांशी बोलून ठरवावे. मात्र मुलाला विचारल्याशिवाय त्याला वाचनातून वगळू नये. अनेक मुलांना सूट नको असते, आपली पाळी कधी येणार हे आधी कळायला हवे असते. चिडवण्याबाबत शाळेने ठोस पावले उचलावीत असा आग्रह धरावा.

प्रगती, उतार आणि थेरपी संपवणे

लहान मुलांत सुधारणा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी, आणि आलेख सरळ रेषेत उतरेल अशी अपेक्षा धरू नये. आजारपण, प्रवास, शाळेचे नवे वर्ष यांनी आकडे पुन्हा चढतात आणि बहुधा उतरतातही. मात्र दोन-तीन महिने नियमित सराव होऊनही काहीच हलत नसेल, तर तज्ज्ञाशी स्पष्ट बोलावे: पद्धत बदलावी का, सराव चुकतो आहे का, आणखी एखादी अडचण नजरेतून सुटली आहे का? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा अविश्वास नव्हे. मोठ्या मुलांत केवळ अडखळलेल्या अक्षरांची संख्या पाहू नये. मूल पूर्वीपेक्षा जास्त बोलते का, शब्द टाळणे कमी झाले का, दुकानात स्वतःहून विचारते का, हेही लिहून ठेवावे. धीर वाढल्यामुळे टाळणे थांबले की काही काळ अडखळणे वाढल्यासारखे दिसते. ती पीछेहाट नसते.

बोलणे सुरळीत झाल्यावर भेटी एकदम बंद करू नयेत. आधी दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग तीन-चार महिन्यांनी असे अंतर वाढवत न्यावे, कारण पहिल्या वर्षात अडखळणे परतण्याची शक्यता असते आणि वेळीच लक्षात आल्यास ते लवकर आवरते. रोजचा आकडा या काळात आठवड्यातून एकदा लिहिला तरी चालतो. तो सलग दोन-तीन आठवडे चढता राहिला, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तज्ज्ञाला फोन करावा. जुने व्हिडिओ आणि अहवाल जपून ठेवावेत; शाळा बदलताना किंवा किशोरवयात पुन्हा मदत लागली, तर नव्या तज्ज्ञाला सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.